राणी रंगाचा बगळा

आमच्या ह्यांना, म्हणजे गोविंदांना, सगळं नवनगर बगळेअण्णा म्हणतं. कमरीपेठेत रंग-गुलालाचं दुकान, आणि माणूस सकाळी उठला की दुर्बीण गळ्यात अडकवून घरामागच्या ओढ्यावर! चहा गार होतो आणि मी तापते.

धारवाडला कॉलेजात शिकवणाऱ्या श्रीलक्ष्मीनं पक्षी मोजणाऱ्यांचा गट काढलाय, हेही त्यात आहेत. पक्षी दिसला की फोटो काढून अ‍ॅपवर टाकायचा. पण गटातली माणसं जायची मोठ्या तळ्यांवर. आमच्या ओढ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं, आणि हे ह्यांना फार लागायचं. सगळ्यांनी एकदा तरी इथं यावं, एवढाच ध्यास.

यंदा रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी हे धापा टाकत घरात आले. ओढ्यात म्हणे गुलाबी बगळा आहे. फोटो अ‍ॅपवर गेला आणि फोन वाजायचा थांबेना. श्रीलक्ष्मीचा गट तर येणारच, बेळगावची मंडळीही रविवारी येतो म्हणाली. मला हुकूम सुटला, सगळ्यांना उप्पीट, वर शिरा.

मी फोटो बघितला आणि कपाळावर हात मारला. तो रंग माझ्या चांगलाच ओळखीचा होता. ह्यांच्या बनियनवर तोच होता, कितीदा घासला तरी न गेलेला.

आमच्याकडे नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं. त्यात रंगाची पिंपं कोण धुणार? सण संपला की पिंपं टेम्पोत घालून ओढ्यावर न्यायची, उरलेला रंग तिथंच ओतायचा, तिथंच विसळायची. बगळा उभा राहतो त्याच डबक्यात.

शनिवारी संध्याकाळी मी ते बनियन ह्यांच्या मोबाइलशेजारी आणून ठेवलं. ह्यांनी ते उलटसुलट करून बघितलं. मग म्हणाले, खरं सांगितलं तर इथं परत कोण येणार? आणि दुकानाचं काय? 'रंग एका धुण्यात जातो' हे ह्यांचं प्रत्येक गिऱ्हाइकापुढचं पालुपद. तुमचं तुम्ही बघा, असं मी तोडून बोलले, पण आतून वाईट वाटत होतं.

रविवारी ओढ्यावर जत्रा भरली. बगळा नवरदेवासारखा ऐटीत उभा. श्रीलक्ष्मीनं ह्यांना पुढं बोलावलं, म्हणाली, शोध गोविंदअण्णांचा, त्यांनीच सांगावं.

"बगळा साधाच आहे," हे म्हणाले. "रंग माझ्या दुकानातला. एका धुण्यात जातो म्हणून मी विकला. हा सणापासून पाण्यातच उभा आहे."

कुणीतरी फिसकन हसलं. बेळगावकरांनी कॅमेरे आवरले, शिरा मात्र संपवूनच गेले. श्रीलक्ष्मी हसली नाही. रंग नेमका कुठं ओतला ते दाखवा म्हणाली, आणि तिथून सगळा गट ओढ्याच्या काठाकाठानं खाली निघाला. दगडांवर राणी रंग, शेवाळावर राणी रंग. पार शेतांपर्यंत. एवढ्या लांब जातो हे आम्हाला कुठं ठाऊक होतं? आता गट दर रविवारी आमच्याच ओढ्यावर येतो, आणि उप्पीट मीच करते. मला ह्यांचा अभिमान वाटला, पण तसं तोंडावर सांगितलेलं नाही, उगाच चढून बसतील.

दुकानात गिऱ्हाईक रोडावलंय. तरी कुणी विचारतंच, अण्णा, एका धुण्यात जातो ना? हे मुकाट्यानं मोबाइल काढतात आणि बगळा दाखवतात.