गुळाने मेलेले पाहुणे

आमच्या रंभाजी नानांवर गावाने कधी विश्वास ठेवला नाही आणि त्यात सगळा दोष गावाचा होता असंही मी म्हणणार नाही. माणूस सांगायचाच तसलं काहीतरी. नाना माझे चुलते. उभी हयात त्यांनी मध्य प्रदेशात तांब्याच्या खाणीत काढली. वर्षातून एकदा, भीमजयंतीला, कोपरगावला उतरून गावी यायचे आणि विहाराच्या ओट्यावर बसून खाणीच्या गोष्टी लावायचे. म्हणे तिथलं पाणी चिंचेपेक्षा आंबट आणि गेरूसारखं लाल. मासा टाकला तर मरेल, पण त्यात डोळ्यांना न दिसणारे जीव सुखाने नांदतात. ते लोखंड खातात आणि दगडात अडकलेलं तांबं मोकळं करून देतात.

पुंजाराम मामा साखर कारखान्यात मळीच्या टाकीवर कामाला होते. ते शांतपणे विचारायचे, की एवढं लोखंड खाऊन त्यांचे दात कसे शाबूत राहतात. ओटा हसायचा, नानाही हसायचे.

चौऱ्याण्णव साली नाना रिटायर होऊन कायमचे घरी आले आणि वर्षातून एकदाची थट्टा रोजची झाली. पोरंसोरं त्यांना लोखंड्या नाना म्हणू लागली. एकदा अंगणात बसल्या बसल्या ते मला म्हणाले, "जयमाला, मानूस जल्मभर जिथं राबला ते कुनाला खरंच वाटंना, तर मग तो राबला कुठं?" मला फार वाईट वाटलं. कारण खरं सांगायचं तर मलाही ते पटलेलं नव्हतं.

पण नाना पुरावा घेऊन आले होते. खाणीच्या लाल पाण्याचा एक कॅन मनमाडला गाडी बदलताना त्यांनी पोटाशी धरून आणला होता. शेवटची काही वर्षं ते खाणीच्या लॅबमध्ये पाण्याचे नमुने पोहोचवत, तिथे त्यांनी एक प्रयोग पाहिला होता. त्यांनी कोपरगावहून हिराकस, म्हणजे लोखंडाचा हिरवा क्षार, आणला. तो आंबट पाण्यात विरघळला की पाणी फिकट हिरवं दिसतं. दोन बाटल्या भरल्या. एकीत खाणीचं जिवंत पाणी घातलं, दुसरीत तेच पाणी उकळून. तोंडाला कापूस लावला. जीव खरे असतील तर पहिली बाटली लाल होईल, उकळलेली हिरवीच राहील. पुंजाराम मामांशी ठरलं, की लाल झाली तर जयंतीला मामांनी माईकवर सांगायचं, रंभाजी खरं बोलतो. नाही झाली तर नानांनी सांगायचं, की सगळ्या थापा होत्या.

जयंती जवळ आली तरी दोन्ही बाटल्या हिरव्याच. नानांचं जेवणातलं लक्ष उडालं. कॅन रिकामा झालेला, म्हणजे दुसरी संधी नाही. पुंजाराम मामा रोज खिडकीशी येऊन बाटल्यांना जयभीम करून जायचे, मला तर त्यांना चिमटा काढावासा वाटे.

शेवटी उलगडा नानांच्या बायकोने, मालनकाकूंनीच केला. त्या काळजीने मला विचारत होत्या, की गूळ मानवत नसेल तर थोडी मळी घालून बघावी का. नाना मागेच उभे होते. काकूंचं म्हणणं सरळ होतं. आपल्या दारी आलेल्याला आपण गूळपाणी देतो. हे जीव एवढ्या लांबून आले, त्यांना काय नुसत्या लोखंडावर ठेवायचं? म्हणून त्या रोज कापूस काढून गुळाचा खडा टाकत होत्या. बाटली हिरवी दिसली की पाहुणे अशक्त झाले समजून आणखी एक.

 "अगं, गोडानं मरत्यात ते," नाना म्हणाले आणि हसत सुटले. जो गुळाने मरतो त्याला विष कशाला म्हणतात ना, ते इतकं शब्दशः मी पुन्हा कधी पाहिलं नाही. हसता हसता त्यांचे डोळे भरले, तेव्हा काकू उठल्या आणि मोरीतून सरबताची एक जुनी बाटली घेऊन आल्या. नाना आले त्या आठवड्यातच त्यांनी कॅनमधलं पाणी गुपचूप काढून ठेवलं होतं. तांब्याचा हंडा त्याने असा लखलखायचा, की आळीतल्या बायका युक्ती विचारायच्या आणि काकू चिंच सांगायच्या. तळाशी लाल गाळ होता. गूळ मात्र त्याला लागलेला नव्हता.

नव्याने बाटली भरली. आता राखणीला खुद्द काकू. जयंतीच्या सकाळी विहारासमोरच्या टेबलावर एक बाटली हिरवी होती आणि एक विटेसारखी लाल. पुंजाराम मामांनी ती उन्हात धरली, उलटसुलट पाहिली आणि माईकवर म्हणाले, "रंभाजी खरं बोलतो. पन दातांचं अजून कळलं न्हाई." मंडप हसला.

मग बायकांच्या रांगेतून मालनकाकू उभ्या राहिल्या. चारचौघांत त्या कधी बोलल्याचं मला आठवत नाही. म्हणाल्या, "इतकी वर्सं मी बी तुमाला थापाड्याच समजले. आता मला तुमची खान दावा."

 नानांनी होकारार्थी मान डोलावली.

मे महिन्यात दोघं मनमाडच्या गाडीत बसले. निघताना शिदोरीत मी गुळाचा खडा ठेवला होता, तो काकूंनी आपण होऊन काढून माझ्या हातावर ठेवला.