वसुधाबेनची पॉलिसी

स्टाफरूममध्ये किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही. तपासायच्या वह्यांसारखे ते आपोआप साचतात, आणि बरेचसे एकाच माणसाच्या नावावर साचतात. बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या आमच्या शाळेत ते नाव वसुधाचं. ती भूगोल शिकवायची. वय बेचाळीस, लग्न केलेलं नव्हतं, घरी ती आणि वडील. सगळ्यांच्या घरी नुकतेच केबल आणि फोन आले होते, त्या दिवसांत तिने जाहीर केलं की ती शैक्षणिक धोरणात, म्हणजे ‘एज्युकेशन पॉलिसी’त, एम.ए. करणार. संस्था दिल्लीची. अभ्यास घरी करायचा आणि सुट्ट्यांत वर्गांना तिकडे जायचं. आणि फी? नदीपलीकडे अकोट्याला फ्लॅट बुक करताना लोक जेवढे भरत, जवळपास तेवढी!

* * *

पहिली परवानगी हेडमास्तर देसाईसाहेबांची. मी सोबत गेले होते, खरं तर उत्सुकतेपोटीच. साहेबांनी विचारलं, याने पगार वाढतो का? नाही. प्रमोशन? नाही. मग पेन हातात धरून ते म्हणाले, “तो पछी शा माटे, बेन? मग कशासाठी?”

वसुधा म्हणाली की शाळेचे नियम नेमके कोण ठरवतं आणि कसे, ते तिला समजून घ्यायचंय.

साहेबांनी सही केली. आम्ही दारापर्यंत पोहोचलो तेव्हा मागून आवाज आला, “कळलं की मलाही सांगा.”

* * *

‘वसुधाबेनने पॉलिसी घेतली’ अशी बातमी गणिताच्या जोशीसरांपर्यंत पोहोचली, पण अर्धवट. आमच्याकडे दोन शिक्षकांचे नवरे विम्याचे एजंट होते, त्यामुळे त्या शब्दाला सगळे बिचकून असत. जोशीसर आठवडाभर वसुधाला टाळत राहिले. ती आली की चहा अर्धा टाकून उठायचे.

शेवटी तिने त्यांना जिन्यात गाठलं. तिला फक्त शनिवारचा तास बदलून हवा होता. तिने तोंड उघडण्याआधीच सर म्हणाले, “वसुधाताई, माझ्या तीन आहेत. चौथीचा हप्ता नाही झेपायचा.”

* * *

पैशांसाठी तिने बँकेत अर्ज केला. शिक्षणासाठी कर्ज द्यायला बँकांनी नुकतीच सुरुवात केली होती. तिथल्या साहेबांनी नियम वाचून सांगितलं की विद्यार्थ्याच्या पालकाची सही लागेल. वसुधाने आपलं वय सांगून पाहिलं. पण नियम तो नियम.

म्हणून तिचे अण्णा बँकेत गेले. वय अठ्ठ्याहत्तर, अंगात कोट, हातात काठी. बडोदा संस्थान विलीन व्हायच्या आधी ते सरकारी शाळाखात्यात कारकून होते, आणि मुलगी एवढ्या वयात शिकतेय याचं त्यांना जराही नवल नव्हतं. साहेब मात्र संकोचले. सात वर्षांचं कर्ज होतं, आणि मुलीने ते फेडलं नाही तर जबाबदारी या म्हाताऱ्यावर येणार होती. त्यांनी हळूच विचारलं, “दादा, सात वर्षं... तुम्ही असाल ना?”

अण्णा म्हणाले, “मी इथेच असेन. बदली तुमची होईल.”

कर्ज मंजूर झालं. साहेबांची बदली दुसऱ्याच वर्षी आणंदला झाली.

* * *

दिल्लीच्या वर्गात बहुतेक मुलंमुली पंचविशीच्या आतबाहेरची. बऱ्याच जणांची फी कुठली ना कुठली स्वयंसेवी संस्था भरत होती. पहिल्याच दिवशी शेजारच्या मुलीने हिंदीत विचारलं, तुम्हाला कोणी पाठवलं? वसुधा म्हणाली, “स्वतः.”

मुलीला ते संस्थेचं नाव वाटलं. ही ‘स्वतः’ कुठे काम करते, असं तिने मोठ्या आदराने विचारलं.

“बडोद्यात.”

“स्टाफ किती?”

“मी एकटीच,” वसुधा म्हणाली. “पण चाललंय बरं.”

* * *

दोन वर्षांनी ती पास झाली, आणि त्यानंतरच्या जूनमध्ये आमच्या शाळेत आठवीच्या प्रवेशाचा बिल्डिंग फंड मुलींसाठी बंद झाला. तो कसा बंद झाला, ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

आमच्या ट्रस्टची प्राथमिक शाळा सातवीपर्यंत. आठवीपासून हायस्कूल, ते पटांगणापलीकडे. मधे फक्त पटांगण, पण पलीकडे जायचं तर फंड भरावा लागे. मुलाचा भरला जाई. मुलीच्या वेळी घरचे म्हणत, सात यत्ता झाल्या, पुरे. वसुधाला ट्रस्टच्या मीटिंगमध्ये बोलावलं होतं, शाळेच्या पहिल्या ‘पॉलिसीवाल्या’ बाई म्हणून. शिक्षकांतर्फे मीही होते. फंडापायी थांबलेल्या मुली कोण, त्यांतली कोण घरी बसली, कोणाचं लग्न ठरलं, हे ती एकेका मुलीचं नाव घेऊन सांगत गेली. आवाज एकदाही चढला नाही.

ट्रस्टचे प्रमुख रमणभाई भले गृहस्थ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शिपायाला चहा सांगितला. मग हसून म्हणाले, “बेन, एवढं सांगायला दिल्लीची डिग्री कशाला? हे तर तुम्ही आधीही सांगू शकला असता.”

“सांगितलं होतं,” वसुधा म्हणाली. “पाच वर्षांपूर्वी, याच खोलीत. तुम्ही मला चहा पाजून परत पाठवलंत.”

तेवढ्यात शिपाई ट्रे घेऊन दारात आला. रमणभाईंनी हातानेच खूण करून त्याला परत पाठवलं.