लाल ठिपक्याची जागा

भाग्येश,

तू गेलास त्याला पाच महिने झाले. श्रवण केंद्राच्या अंकात तुझ्याविषयी लिहा म्हणून मंडळी मागे लागलीत. तिऱ्हाइताबद्दल लिहावं तसं मला जमणार नाही, म्हणून तुझ्याशीच बोलते.

तू सातपाटीचा, मासळी विकणाऱ्या इंदुबाईंचा मुलगा. आयटीआय करून बोईसरच्या कारखान्यात लागलास. कॉलेजातली नोकरी संपल्यावर मी पालघरला ज्या केंद्राचं काम बघते, तिथे पंखा दुरुस्त करायला आलास आणि मग दर सुट्टीला येत राहिलास, कारण तिथलं एक दुखणं तुला सापडलं. कानाची यंत्रं माणसागणिक जुळवायला एक डबी लागते, यूएसबीने संगणकाला जोडायची. तिचं सॉफ्टवेअर जुनं, नव्या संगणकावर चालेना. तू नव्याच्या पोटात जुना संगणक बसवलास. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात, हेही तूच शिकवलंस. पण डबी टिकेना. जोडली की दिसायची, कामाला लागली की क्षणभर गायब, आणि परतायची ती वेगळ्याच नावाने. आतला संगणक जुन्या नावाची वाट बघत बसे. समोर कोणी म्हातारं कानात यंत्र घालून ताटकळलेलं, आणि आम्ही वायर उपटतोय, खुपसतोय.

तीन सुट्ट्या तू त्यात घालवल्यास. मी म्हटलं, "फेक ती डबी."

"बाई, कॉलेजात पोरांना पन असंच फेकायच्या काय?"

"काहींना."

चौथ्या सुट्टीला तू दारातूनच सुरू झालास. "आई बाजाराला नसली तं मावशी बसते तिच्या जागेवर. गिऱ्हाईक नाव कुटं विचारतं? जागेवर येतं."

मग तू डबीच्या नावाचा नाद सोडलास आणि संगणकाच्या मागचं एक भोकच आतल्या संगणकाच्या ताब्यात दिलंस. तिथे जे लागेल, कुठल्याही नावाने लागेल, ते त्याचं. खूण म्हणून शेजारी नेलपॉलिशचा लाल ठिपका. डबी पुन्हा हरवली नाही. मी शाबासकी दिली नाही. वायर फार लोंबतेय, एवढंच म्हणाले.

त्या जागेवर पहिलं यंत्र जुळवलंस ते आईचं. दात दाखवायला म्हणून तिला पालघरला आणलंस आणि कान तपासून घेतलेस. इंदुबाईंनी यंत्र दोन मिनिटं घातलं, काढून टेबलावर ठेवलं. "हे घालून बाजारात बसू? मी बहिरी हाय ते कळलं की भाव पाडूनच मागतील." आणि गेल्या.

तू मला म्हणालास, "तुमी नेऊन द्या ना. माजं नाय ऐकत ती. तुमचं ऐकंल."

"आई तुझी. मी काय टपाल वाटते?"

"पापलेट घ्यायला येताच ना सातपाटीला, तेवा द्या."

"बघू."

त्यानंतर दोनदा सातपाटीला गेले. एकदा यंत्र घरी विसरले. दुसऱ्यांदा पर्समध्ये होतं, पण इंदुबाईंपुढे गर्दी होती आणि मला थांबायचा कंटाळा. तू दोन्ही वेळा विचारलंस. मी दोन्ही वेळा तुझ्यावरच खेकसले.

भाद्रपदात काविळीने तुला गाठलं. शेवटच्या दिवशी मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. तू आईला काहीतरी सांगत होतास. आवाज नव्हताच जवळजवळ. तिने कान तुझ्या तोंडाला लावला. "काय म्हनतो? काय म्हनतो रं?" तू पुन्हा सांगितलंस. तिसऱ्यांदाही सांगितलंस. मग तिने माझ्याकडे बघितलं. "बाई, तुमाला कळलं काय?"

मला ओठ तेवढे हलताना दिसले होते. नाही म्हटलं.

तुझ्या लाल ठिपक्यावर अजून यंत्रं जुळतात. एकदाही अडलेलं नाही. इंदुबाई पुन्हा बाजारात बसायला लागल्यात. त्यांचं यंत्र पाकिटात घालून मागच्या रविवारी मी रिक्षाने निघाले. सातपाटीच्या अलीकडे शिरगावपर्यंत गेले. हे इतके दिवस कुठे होतं, असं त्यांनी विचारलं तर काय सांगायचं, ते काही सुचेना. रिक्षा परत फिरवायला सांगितली. पाकीट खणात आहे.