एकाच माणसाचं नाव सांगा

मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाल्यावर मी कळसाडीला ऊस बघत बसणार होतो. पण कुणीतरी माझं नाव जिल्ह्याच्या बालकल्याण समितीसाठी सुचवलं आणि मी सदस्य झालो. काम सोपं असेल असं वाटलं होतं. हरवलेलं, सोडलेलं, हाल झालेलं मूल समितीपुढे आणतात आणि त्यानं त्या दिवसापासून कुठं राहायचं हे आम्ही ठरवतो. चाळीस वर्षं पोरं सांभाळली होती, तेव्हा हे काय अवघड, असा माझा तोरा होता. तो प्रिस्किलाबाईनं उतरवला.

प्रिस्किलाबाई नवापूरच्या सीमेवरच्या डोंगरातल्या एका पाड्यावर राहते. अंगानं वाळकी, आवाजानं दणदणीत. मुलगा आणि सून ऊसतोडीला गुजरातेत गेले की नात काजल हिच्याकडे असते. काजल दुसरीत आहे. अर्थात 'हिच्याकडे' हे आपलं माझं म्हणणं. त्या पाड्यावर पोर दुपारी एकाकडे जेवतं, संध्याकाळी दुसऱ्याकडे आणि झोप येईल तिथं झोपतं. प्रिस्किलाबाईचा तवा कायम कुणाच्या तरी चुलीवर असतो आणि कुणाचं तरी पातेलं हिच्याकडे. 'माझं' हा शब्द ती सहसा वापरत नाही. वापरला तर माणूस हावरट दिसतो, असं तिला वाटतं.

तर झालं असं, की पाडा दोन जीप करून एका लग्नाला गेला. परतताना विसरवाडीच्या चौफुलीवर सगळे चहाला उतरले. काजल भजी तळायची कढई बघत उभी राहिली आणि दोन्ही जीप निघून गेल्या. पहिल्या जीपवाल्यांना वाटलं पोर दुसरीत आहे, दुसरीवाल्यांना वाटलं पहिलीत. घरी पोचल्यावर प्रत्येक घराला वाटलं, आज शेजारी झोपली असेल. इकडे हॉटेलवाल्या भिकननं पोरीला भजी दिली, हरवलेल्या मुलांच्या हेल्पलाइनला फोन लावला आणि काजल त्या रात्री नंदुरबारच्या मुलींच्या संस्थेत सुखानं झोपली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आमच्यापुढे आली. रडली नाही, घाबरली नाही. अध्यक्ष निर्मलाताईंनी नाव विचारल्यावर ती उभी राहून शाळेतल्यासारखी "हजर" म्हणाली.

एवढ्यात आवारात दोन जीप शिरल्या आणि त्यातून माणसं उतरायला लागली, ती उतरतच राहिली. म्हातारे, बाया, कडेवरची पोरं, एक बोकड. सर्वांत शेवटी दोघांनी धरून उतरवलेलं एक भलंमोठं पातेलं. शिपाई आडवा आला, पण पातेल्याचं झाकण थोडं सरकलं आणि तो आपोआप बाजूला झाला. कोंबडीचा रस्सा होता.

त्यांच्याकडे भांडण मिटवायला पंच बसतात, तेव्हा ज्याचं काम त्यानं पंचांना आधी जेवू घालायचं. आणि ज्याची बाजू खरी, त्याच्यामागे माणसं जास्त. प्रिस्किलाबाईनं निरोप मिळाल्यापासून या दोन्ही गोष्टी यथासांग केल्या होत्या. तांदळाच्या भाकरींची चळतसुद्धा होती. तिची घरची बोली मावची, पण आमच्याशी ती बाजारात शिकलेली अहिराणी बोलत होती.

"आधी जेवन करी ल्या, मंग ईचारा," तिनं आमच्या टेबलावरचे कागद बाजूला सारून फर्मावलं.

निर्मलाताई ताडकन उभ्या राहिल्या. "बाई, ही लाच आहे!"

"लाच नही, कोंबडी शे," प्रिस्किलाबाई म्हणाली. "सकायपाशीन बठेल शेतस तुम्ही. भुक्या पोटे निकाल कसा व्हई?"

खरं सांगतो, मुद्दा मला तत्काळ पटला होता. सकाळपासून तीन प्रकरणं झाली होती आणि पोटात नुसता चहा होता. पण निर्मलाताईंनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की मी चष्मा पुसायला घेतला. पातेलं कडुलिंबाखाली गेलं आणि चौकशी सुरू झाली.

"पोर रात्रभर घरी नाही, हे तुम्हाला कळलं नाही?" निर्मलाताईंनी विचारलं.

"कळनं नही," प्रिस्किलाबाईनं सरळ सांगितलं. "सकायले तिनी कोंबड्या सोड्या नही. कोंबड्या बोंबलन्यात, मंग कळनं."

मी कपाळावर हात मारला. वकिलानं पढवलेली माणसं मी पुष्कळ पाहिली, पण स्वतःच्या पायावर इतक्या मनापासून धोंडा पाडून घेणारी बाई पहिल्यांदाच पाहत होतो. निर्मलाताई स्वभावानं वाईट नाहीत, पण त्यांचा चेहरा उतरला. "मग या पोरीची जबाबदारी कोणाची?" त्या म्हणाल्या.

दारात, खिडकीत, व्हरांड्यात, जिथं जिथं माणूस होता तिथं तिथं हात वर झाला. बोकड धरणाऱ्यानं बोकड सोडून हात वर केला. पाड्याचे म्हातारे कारभारी स्टीफनबाबा पुढे आले आणि भाषणाला उभं राहावं तसे उभे राहून म्हणाले, "पोर आख्खा पाडानी शे."

"पाड्याला मी नोटीस कुठं पाठवू?" निर्मलाताई म्हणाल्या. "सगळ्यांची म्हणूनच ती काल चौफुलीवर राहिली ना? मला एकाच माणसाचं नाव सांगा. उद्या पोरीचं काही झालं, तर मी ज्याला विचारीन असं एक नाव. नाहीतर काजल संस्थेतच राहील."

हे ऐकून स्टीफनबाबा मंडळींना घेऊन कडुलिंबाखाली विचार करायला गेले. बराच वेळ गेला. तिकडून रश्श्याचा वास येत होता आणि माझ्याच्यानं पुढचं प्रकरण वाचवेना. अखेर स्टीफनबाबा प्रसन्न चेहऱ्यानं परतले. पुष्कळ वाद घालून त्यांनी जबाबदारी पाच जणांवर आणली होती.

"एक!" निर्मलाताई ओरडल्या.

सगळे प्रिस्किलाबाईकडे बघायला लागले. आणि इतका वेळ पंचांना दम देणारी ती बाई मान खाली घालून पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत उभी राहिली. मला राग आला. मी खेकसलो, "अहो, आजी ना तुम्ही? दोन शब्द बोलायचे, त्यात एवढं काय अवघड आहे?"

ती माझ्याकडे बघत नव्हती. ती बघत होती तिच्यामागे उभ्या असलेल्या जमुनाकडे. जमुना तिची पुतणसून, शेजारच्या घरातली. काजल अंगावर पीत होती, तेव्हा तिची आई टायफॉइडनं आजारी पडली. त्या दिवसांत जमुनानं स्वतःच्या पोराबरोबर हिलाही पाजलं होतं. आता तिच्यादेखत 'पोर माझी' म्हणायचं, म्हणजे तिच्या मांडीवरून ती ओढून घ्यायची. हे मला नंतर जीपमध्ये कळलं. त्या वेळी मला फक्त एवढं दिसलं, की जमुनानं म्हातारीला कोपरानं ढोसलं आणि त्यांच्या बोलीत काहीतरी म्हटलं. सांगून टाक एकदाचं, अशा अर्थाचं असावं. म्हणताना तिचेच डोळे भरले होते.

प्रिस्किलाबाईनं पदरानं तोंड पुसलं. "मन्ही शे," ती म्हणाली. आवाज इतका बारीक, की आमचे जबाब लिहून घेणाऱ्या मुलीनं पुन्हा विचारलं. तेव्हा ती एकदम कडाडली, "मन्ही शे! मन्ही एकलीनी शे!" आणि लगेच खाली वाकून कागदात बघत म्हणाली, "पन दूध जमुनानी पाजेल शे. तेबी लिखी ल्या."

तसं लिहायला आमच्या कागदावर जागा नव्हती. निर्मलाताईंनी समासात लिहायला लावलं. काजल तात्पुरती आजीच्या ताब्यात द्यायची आणि पुढच्या तारखेच्या आत एका सदस्यानं घर पाहून यायचं, असं ठरलं. सह्या झाल्या. मग निर्मलाताईंनी घसा साफ केला आणि निकाल लागल्यानंतर जेवलं तर ती लाच होत नाही, असं स्वतःचंच मत जाहीर केलं. शिपायानं दोनदा रस्सा घेतला. मी किती घेतला ते विचारू नका.

खाल्ल्या रश्श्याला जागून घर बघायला मीच निघालो. कार्यालयाची गाडी दुरुस्तीला होती, म्हणून पाड्याच्याच जीपमध्ये बसलो. मांडीवर बोकडाचं तोंड होतं.

विसरवाडी आली तशी प्रिस्किलाबाईनं ड्रायव्हरला, दानियलला, थांबायला सांगितलं. आपल्या पोरीला खाऊ घालणारा माणूस तिला बघायचा होता. सगळे उतरले. चहा झाला. स्टीफनबाबांनी भिकनला सुनावणीची सगळी हकिकत 'एक!'च्या आरोळीसह करून दाखवली. प्रिस्किलाबाईनं भिकनच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मग त्याच्या कढईत डोकावली. "तेल काळं पडनं. बदली टाक," म्हणून ती आत शिरली.

आम्ही निघालो. यावेळी सगळे फार सावध होते. "काजल शे का?" पहिल्या जीपमधून आवाज आला. "शे!" जमुनानं तिला मांडीवरून उंच उचलून दाखवलं. दुसऱ्या जीपनंही खात्री करून घेतली. मीसुद्धा, शासनाचा माणूस म्हणून, पोरीच्या डोक्यावर हात ठेवून बघितला. दोन्ही जीप डोंगराला लागल्या, आणि काजलनं विचारलं, "आजी कुठाय?"

आम्हाला वाटलं होतं दुसऱ्या जीपमध्ये असेल. त्यांना काय वाटलं होतं, ते सांगायला नको.

मागे वळून चौफुलीवर आलो, तर प्रिस्किलाबाई भट्टीपुढे बसून नव्या तेलात भजी तळत होती. तोंडानं पाड्याचा उद्धार चालू होता. भिकन दारात हाताची घडी घालून उभा. "सर, फोन लावणार व्हतू," तो मला म्हणाला, "पन तो नंबर फक्त पोरांसाठी शे." मग मंडळींकडे वळून त्यानं निर्मलाताईंसारखा आवाज काढला, "म्हातारी अशी देता येवाव नही. हिना जबाबदार मानूस कोन? एकच नाव सांगा!"

सगळ्यांचे हात वर गेले. माझाही.

काजल जमुनाच्या मांडीवरून उतरली. गर्दीतून वाट काढत पुढे गेली, आजीच्या लुगड्याचा काठ तिनं मुठीत घट्ट धरला आणि शाळेत उत्तर द्यावं तशी ताठ उभी राहिली.

"मी," ती म्हणाली. "हिच्या कोंबड्यासुद्धा मीच सोडते."

प्रिस्किलाबाईच्या हातातला झारा खाली पडला. नव्या तेलातली भजी करपली, पण कुणी बघितली नाहीत.