वैशालीताईंचं नवं कानातलं

वैशालीताईंनी खोका थेट माझ्या साउंड मिक्सरवर ठेवला. "महेश, तूच उघड. माझ्या हातून काहीतरी तुटायचं."

साखरपुडा अकराला होता. साडेनऊ वाजले होते. लोणावळ्यातल्या एका रिसॉर्टच्या हॉलमध्ये माझे स्पीकर लागले होते, आणि ताईंचा इन-इअर मॉनिटर अजून सीलबंद होता.

मी कामशेतचा साउंडवाला. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून स्टेजवर त्याच्या पायाशी एक स्पीकर ठेवतात. तो मॉनिटर. ताई तळेगावला शाळेत शिकवतात आणि वीसेक वर्षं कार्यक्रमांत गातात. हल्ली हॉलच्या गोंगाटात त्यांना स्वतःचंच ऐकू येईना. मग त्या ओरडून गायच्या आणि घसा बसायचा. डॉक्टरांनी सांगितलं, असंच चाललं तर गाणं बंद. तेव्हा मी मोठ्या हुशारीने म्हणालो होतो, "इन-इअर घ्या." म्हणजे तोच मॉनिटर, पण कानात घालायचा.

खोक्यात खोका, त्यात काळा स्पंज, आणि स्पंजात चिंचोक्याएवढे दोन पारदर्शक तुकडे.

"एवढंसंच?" ताई म्हणाल्या.

बाकी लवाजमा मात्र भरपूर होता. वेणीसारखी गुंफलेली वायर. चष्म्याच्या घरासारखी कडक डबी. मिक्सरला जोडायची एक जाडी पिन. सहा जोड टिप्स, म्हणजे कानात बसणारी टोपणं, तीन सिलिकॉनची आणि तीन फोमची. बोटभर ब्रश.

"हा कशाला?"

"मळ काढायला."

"कानातला?"

"टिपांवरचा, ताई."

शिवाय एक स्टिकर, आणि कंपनीने मनापासून आभार मानल्याचं कार्ड.

सिलिकॉनची छोटी जोडी गळून पडली. मोठी टोचली. फोमची मी बोटांत दाबून बारीक केली, कानात सरकवली आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट थांबलो. मग विचारलं, "बसली का?" ताई समोरच्या फुलांकडे बघत राहिल्या. म्हणजे बसली होती.

आता कमरेला लावायचा वायरलेस रिसीव्हर शोधू लागलो. खोका उलटा करून झटकला. त्यातून आणखी एक स्टिकर पडला. रिसीव्हर वेगळा घ्यावा लागतो, आणि ते सांगायला मी विसरलो होतो.

शेवटी दहा मीटरची हेडफोन वायर जोडली आणि जमिनीला टेपने चिकटवली.

"म्हणजे मी दाव्याला बांधलेली म्हैस," ताई म्हणाल्या.

"दावं लांब आहे, ताई."

रिसॉर्टचा मॅनेजर आला. "सर, वायर दिसतेय. फोटोत येईल."

"त्यावर कुंडी ठेवा."

त्याने खरंच ठेवली.

मुलीचे वडील टाकव्याचे. ते जाता जाता सांगून गेले, "आवाज लय मोठा ठिवा. पाव्हणं समदी बोलत बसत्यात, ऐकत कुनीच न्हाई."

पहिली दोन गाणी ठीक झाली. लोक स्पीकरच्या वरताण बोलत होते. तिसरं गाणं सुरू झालं आणि लाइट गेली.

माझा मिक्सर आणि कीबोर्ड यूपीएसवर होते. स्पीकरचा भार यूपीएस घेत नाही, म्हणून ते सरळ लाइटवर. त्यामुळे हॉलमध्ये स्पीकर बंद पडले, पण ताईंच्या कानात सगळं जसंच्या तसं चालू होतं. त्यांचे डोळे मिटलेले. त्या गात राहिल्या.

माझ्याकडे टॉकबॅकचं बटण असतं. ते दाबून बोललं की माझा आवाज थेट गाणाऱ्याच्या कानात जातो. मी बोट ठेवलं. दारातून जनरेटरवाल्याने दोन बोटं दाखवली: दोन मिनिटं. त्याची दोन मिनिटं मला माहीत होती.

स्पीकर बंद झाल्यामुळे लोक बोलता बोलता थांबले होते. आणि त्या शांततेत आवाज आला. लहान, पण स्वच्छ. स्वतःचं नीट ऐकू येत असल्यामुळे ताई ओरडत नव्हत्या. तबलजीच्या लक्षात आलं. त्याने हात हलका केला. सरबताचे ग्लास वाटणारा वेटर होता तिथेच उभा राहिला.

मुलीचे वडील माझ्याकडे आले. आता शिव्या बसणार, असं मला वाटलं. ते कानाशी वाकून म्हणाले, "कशालाबी हात लावू नका."

मी बटणावरचं बोट काढलं.

जनरेटर शेवटच्या ओळीला लागला. स्पीकर एकदम गरजले आणि अख्खा हॉल दचकला. ताईंना टाळ्या ऐकू आल्या नाहीत. त्यांनी डोळे उघडले तेव्हा दिसल्या.

कार्यक्रम संपल्यावर मी त्यांना खरं सांगितलं.

"किती वेळ लाइट नव्हती?"

"जवळजवळ सगळं गाणं."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"नाही."

त्या रागावल्या. घसा मात्र बसला नव्हता. निघताना गाडीशी थांबून त्यांनी विचारलं, "मागच्या रांगेपर्यंत गेला?"

"गेला."

"मग पुढच्या वेळी स्पीकरवर माझा आवाज जरा कमी वाढव."

आमच्या धंद्यात आवाज गेला की अख्खा हॉल मान वळवून साउंडवाल्याकडे बघतो. त्या दिवशी इतका वेळ आवाज गेला होता, आणि मुलीचे वडील सोडले तर एकानेही वळून पाहिलं नाही. माझं आजवरचं सगळ्यात चांगलं काम ते. त्यात मी काहीच केलं नव्हतं.