चंद्रबाईंचं विज्ञान

चंद्रबाईंना कुठलीही गोष्ट जमिनीवर सांगता येत नसे. राजा असो की राक्षस, त्यांनी त्याला आधी चंद्रावर नेऊन सोडलाच म्हणून समजा. नंदुरबारच्या आमच्या शाळेत म्हणूनच त्यांचं हे नाव पडलं. शिकवायच्या इंग्रजी, आणि शिवणाचा तासही त्यांच्याकडेच असे. खरं नाव आता मलाही आठवत नाही.

यामागे लबाडी होती, ती त्यांनीच आम्हाला हसत सांगितली. प्रेमाच्या कादंबऱ्या मुलींना सांगायला हेडमास्तरांची बंदी होती. विज्ञानाला ना नव्हती. रशियाचं यान चंद्रावर पोचल्याच्या बातमीने तेव्हा गाव भारावलं होतं. बाईंनी एक जुनी इंग्रजी कादंबरी उचलली, तिच्यातलं माळरानावरचं मोठं घर चंद्रावर बांधलं, घोडागाडीच्या जागी यान आणलं, आणि शिवणाच्या तासाला रोज थोडी थोडी सांगू लागल्या. एक अनाथ मुलगी मालकाच्या लेकीला शिकवायला तिथे जाते, आणि मालकावरच तिचा जीव जडतो. हेडमास्तर दारावरून जाताना 'यान', 'गुरुत्वाकर्षण' एवढंच ऐकायचे आणि खूश होऊन पुढे जायचे. बिचारे!

हुंकाराशिवाय मात्र बाई एक वाक्य पुढे सरकत नसत. "हं म्हणा गं, मी काय भिंतीला सांगतेय?" चाळीस मुलींच्या हुंकारात कोण गप्प आहे, हे त्यांना बरोबर कळायचं.

गोष्टीत माडीवरच्या बंद खोलीचं दार उघडलं, त्या दिवशी मी गप्प होते. आत मालकाची पहिली बायको निघाली. वेडी म्हणून कोंडलेली, एका नळीतून हवा देऊन जगवलेली. तास संपल्यावर बाईंनी मला थांबवून घेतलं आणि काय झालं ते विचारलं. शाळेत शुद्धच बोलायचं, हा त्यांचा कडक नियम, पण माझ्या तोंडून घरचंच निघालं, "बाई, मन्ही काकीले बी कोंडी ठेयेल शे."

रनाळ्याला आमच्या घरी, कपाशीच्या कोठीशेजारच्या खोलीत. दोन्ही लेकरं पाठोपाठ गेल्यावर काकी भलतीकडे निघून जायची, म्हणून बाहेरून कडी. घरात वेड आहे हे कळलं तर आम्हा बहिणींची लग्नं अडतील, म्हणून विचारील त्याला सांगायचं की ती माहेरी गेलीय. तीन वर्षं मीही हेच सांगत होते. त्याची लाज अजून जात नाही.

बाई त्याच रविवारी रनाळ्याला आल्या. वडिलांनी ओसरीवरूनच माहेरचं सांगून टाकलं. बाई वाद घालत बसल्या नाहीत. सरळ आत आल्या, त्या बंद दाराबाहेर जमिनीवर बसल्या आणि चंद्रावरची गोष्ट सुरू केली. या वेळी आतल्या बायकोच्या बाजूने. ती वेडी नव्हती, तिची लेकरं गेली होती, असं त्यांनी सांगितलं. शेजारच्या बायका गोळा झाल्या, पण वडिलांच्या धाकाने कोणी हुंकार देईना. बाई थांबून राहिल्या. तेव्हा दाराआडून बारीक आवाज आला, "हं."

काका ढसाढसा रडले. कडी त्यांनीच काढली.

वडिलांनी मात्र मला माफ केलं नाही. घरातलं बाहेर नेलं म्हणून माझं नाव शाळेतून काढलं. मॅट्रिकला एकच वर्ष उरलं होतं. फार लागलं मला ते, खोटं कशाला बोलू?

पुढे बाई नोकरी सोडून भावाकडे राहायला निघाल्या, तेव्हा निरोप घ्यायला आल्या. अंगणात माझ्यासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "पोरी, माझ्या गोष्टीपायी तुझी शाळा गेली. मला माफ कर." त्यांचे डोळे भरले होते. मला उठून त्यांच्या पाया पडायचं होतं. पण काकी माझी वेणी घालत होती, आणि हलू नको म्हणून तिनं माझं डोकं दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं होतं.