नंदीची खुर्ची

लिंबाजीचा हात आधी चालायचा आणि तोंड मागून. मुखेडकडचा हा गडी बहात्तरच्या दुष्काळात बायकोला घेऊन खडी फोडायला गेला. सरजाबाई पाणी प्यायला उठली एवढ्यावरून तिथल्या मुकादमानं तिच्या पाठीत लाथ घातली. लिंबाजीनं हातोडीच्या दांड्यानं मुकादमाच्या खांद्याचं हाड मोडलं. घाव एकच, पण दोन वर्षं आत गेला. जेलात सुतारकी शिकला, हाच काय तो फायदा.

सुटला तेव्हा सरजाबाई फाटकाबाहेर उभी होती. रडणंबिडणं काही नाही. "राग काय काढायचा तो लाकडावर काढा," ती म्हणाली. "मानसावर हात उचललात तर म्या इस्लापूरला माहेरी जाईन. परत येनार न्हाई. शपथ हाय तुमाला." ही बाई बोलते ते करते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पोलिसांची, उपासाची त्याला कधी भीती वाटली नाही. वाटली ती एवढीच.

दोघं लातूरला आली. मग लातूर जिल्हा झाला. कचेऱ्या आल्या, वकील आले, कारकून आले, आणि ज्याला त्याला टेबल-खुर्ची हवी झाली, तीही फुकटच्या भावात. बाजारामागच्या पत्र्याखाली लिंबाजीचं बरं चालू लागलं. भंगारवाल्याकडून मोडकी खुर्ची आणायची, आधी तिच्या पायावर लाथ हाणून कुठं ढिली आहे ते बघायचं, शिव्या देत देत जुना रंग खरवडायचा. नवं सामान आणायची ऐपत कुणाची? भोकं बुजवायला सरस आणि भुसा, रंगाला काव, पॉलिशला सरजाबाईच्या फाटक्या लुगड्याचा बोळा. सुटल्यापासूनच्या आठ वर्षांत लाकूड सोडून कशावर त्याचा हात पडला नाही, आणि लाकडानं मात्र निमूट सगळं सोसलं.

एक दिवस भंगारवाल्यानं हातांची सागवानी खुर्ची आणून टाकली. हिरव्या रंगाचे चार थर, पाठीवर कोरलेला नंदी, त्याचं एक शिंग तुटलेलं. दोन्ही हातांवर दोरीचे करकोचे. "शेळी बांधत व्हते का काय भाडखाऊ," लिंबाजी म्हणाला आणि त्यानं ते करकोचे रंद्यानं काढून टाकले. हिरवा रंग उतरवला, नंदीला नवं शिंग बसवलं. खुर्ची अशी उजळली की सरजाबाई सुद्धा क्षणभर बसून उठली. आठवड्यात ती विरूपाक्ष नावाच्या व्यापाऱ्यानं नेली. बाप गेल्यावर उदगीरहून येऊन त्यानं इथं नवं दुकान टाकलं होतं. मालकाला शोभेल अशी खुर्ची त्याला हवी होती.

दुकानाच्या पूजेला विरूपाक्षची आई नागम्मा आली. तिनं नंदीवरून हात फिरवला, "ह्यांची खुर्ची" एवढंच म्हणाली आणि मटकन खाली बसली. दातखीळ बसली बाईची.

तासाभरात विरूपाक्ष दोन हमाल आणि कुऱ्हाड घेऊन पत्र्याखाली हजर. खुर्ची हातगाडीवर.

"मढ्याची खुर्ची मला विकतोस?"

लिंबाजीला काही उमगेना. त्याच्या लोकांत मेलेला माणूस आडवा जातो, तिरडीवर. विरूपाक्षच्या लिंगायतांत त्याला निजवत नाहीत. खुर्चीत बसवतात, मान पडू नये, हात सुटू नयेत म्हणून बांधतात, फुलांनी सजवतात आणि बसलेलाच समाधीत ठेवतात. ज्या खुर्चीत बाप शेवटचा बसला ती त्या घरानं परत आत घेतली नव्हती. समाधीजवळ टाकली होती, आणि भंगारवाल्यानं उचलली होती; हिरवा रंग उतरल्यावर पोरालाही ती ओळखू आली नव्हती. ते करकोचे शेळीचे नव्हते.

"अप्पा, मला ठावं असतं तर..." एवढंच तो बोलला. विरूपाक्षनं पहिला घाव खुर्चीवर घातला. मग दुसरा, मग मोजायला कुणाला सवड होती? पाय निखळले, पाठ उभी चिरली. पॉलिशची बाटली फुटली. मग हमालांनी लिंबाजीला आडवा केला, लाथांनी तुडवला, त्याचा उजवा हात त्याच्याच कामाच्या पाटावर दाबून धरला.

डावा हात मोकळा होता आणि त्या हाताखाली लाकूड तासायचं वाकस पडलं होतं, सकाळीच धार लावलेलं. मूठ आवळली सुद्धा. विरूपाक्षची नडगी वीतभर अंतरावर होती. लिंबाजीनं मान वळवून पाहिलं. सरजाबाई घागर घेऊन पाण्यावरून येत होती. त्यानं वाकस सोडून दिलं. विरूपाक्षच्या कुऱ्हाडीची बोथट बाजू बोटांवर बसली, एकदा, दोनदा. तो गुरासारखा ओरडला.

एवढ्यात रिक्षातून नागम्मा उतरली. सुटलेल्या केसांनी तशीच आली आणि खुर्चीच्या तुकड्यांपाशी वाकली.

"अव्वा, मोडून टाकली बघ," विरूपाक्ष म्हणाला.

"शेवटाला मी बी बसनार होते रे तिच्यात," नागम्मा म्हणाली. "लोकांनी टाकायला लावली तवा मी काय बोलू शकले न्हाई. आज परत गावली, म्हनून जीभ अडकली माझी." मग ती लिंबाजीकडे वळली. "मिस्त्री, जोडता येईल का?"

उत्तर सरजाबाईनं दिलं. घागर खाली ठेवली, पदर खोचला आणि विरूपाक्षच्या तोंडात अशी भडकावली की तो हातगाडीवर आदळला. उठला, तर दुसरी. "जोडनारा हात मोडलास," ती म्हणाली. हमाल पुढं सरले, पण नागम्मानं त्यांना हातानंच अडवलं. पोराकडे तिनं बघितलं सुद्धा नाही. नंदीची फळी छातीशी धरून ती रिक्षात जाऊन बसली, आणि गाल धरून विरूपाक्ष तिच्या मागं पायी निघाला.

सरजाबाई लिंबाजीच्या हाताला फडकं गुंडाळायला बसली. दोन बोटं भलतीकडेच वळली होती.

"मानसावर हात उचललास की," तो कण्हत म्हणाला.

"शपथ तुमाला घातली व्हती. मला न्हाई."

"मग आता म्या कुठं जावं, सरजे? मला तर माहेर बी न्हाई."

तेव्हा मात्र सरजाबाई रडली. जेलाच्या फाटकाशी राहिलेलं सगळं रडली, भर बाजारात, त्याचा मोडका हात मांडीवर घेऊन.